चहाच्या खुर्च्या

“कुर्सी कितना लगेगा?” नवऱ्या मुलाच्या आजीने विचारलं. वर्धा रोडवरच्या हॉटेलात, बँक्वेट हॉलबाहेरच्या सोफ्यावर आम्ही दोन्हीकडच्या बायका बसलो होतो. समोर हॉटेलचा मुलगा लॅपटॉपवर हॉलचा नकाशा उघडून बसलेला. त्याला वाटलं, पाहुण्यांच्या खुर्च्यांचं चाललंय. तो तीनशे-साडेतीनशे सांगू लागला. आजी विचारत होत्या चहाच्या खुर्च्यांबद्दल. ही माणसं कोलकात्याची, चिनी. त्यांच्याकडे लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी घरातल्या एकेका वडीलधाऱ्यापुढे गुडघे टेकतात आणि दोन्ही हातांनी चहाचा कप पुढे करतात. ज्याचा मान मोठा, त्याची खुर्ची आधी. आजी बोटांवर मोजत गेल्या. इकडून त्या स्वतः, मुलाचे आईवडील, थोरले काका-काकू. तिकडून मुलीची आजी, मग मुलीची आई... “माझी नको,” ताई मध्येच म्हणाली. “चहा आणायला, कप भरायला कोणी लागेलच ना. मी मागे राहीन.” तेवढ्यात हॉटेलच्या मुलाने फुलांचे फोटो उघडले आणि बोलणं तिकडे वळलं.

माझ्या कानातून मात्र ते “माझी नको” गेलं नाही.

भाचीला लग्न हॉटेलातच हवं आहे आणि मी पहिल्यापासून तिच्या बाजूने आहे. नागपुरात हल्ली लॉनवर हजार-दीड हजार माणूस जेवू घालायची चाल पडली आहे. डीजेच्या आवाजात शेजारचा काय म्हणतोय ते कळत नाही आणि फोटोच्या रांगेपुढे उभं राहून राहून नवरीचे पाय सुजतात. तिला मोजकी माणसं हवीत. सकाळी विधी, दुपारी नीट बसून जेवण, संध्याकाळी मित्रमंडळींसाठी छोटं रिसेप्शन. मऊ उजेड, बोललेलं ऐकू येईल इतकंच संगीत. काही नातेवाइकांना यात घराण्याची शान कमी होईल असं वाटतं, मला अजिबात वाटत नाही. ताईचं लग्न महाल भागातल्या वाड्यात झालं तेव्हाही माणसं मोजकीच होती. चौकात मांडव, मांडवाला आंब्याचे टहाळे, मागच्या परसात वडा-भाताचं पातेलं चढलेलं आणि भातावर ओतायच्या हिंग-मिरचीच्या कडकडीत तेलाचा ठसका थेट माजघरापर्यंत. मी करवली होते. हातातला करा जड होत चालला होता आणि मंगलाष्टकं संपत नव्हती. भाऊजी उंच. त्यांना अंतरपाटावरून ताई दिसत होती आणि ते खुशाल बघत होते. भटजींनी अंतरपाट आणखी वर धरायला लावला तेव्हा सगळा चौक हसला. ताई खाली मान घालून हसत होती, तिच्या मुंडावळ्या हलत होत्या.

एप्रिल २०२१ मध्ये भाऊजी गेले.

नागपूरने तो महिना कसा काढला, ते इथल्या कोणाला सांगायला नको. मला सांगायचं आहे ते नंतरचं. ताईला कोणी कधी काही बोललं नाही. उलट सगळ्या म्हणतात, “आता असं काही राहिलं नाही गं, तू ये.” ती जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसते. बाहेर ओट्या भरल्या जातात तेव्हा तिला नेमकं काहीतरी आत आणायला जायचं असतं. साक्षगंधाच्या आधी पाच सुवासिनींची यादी तिनेच केली, स्वतःच्या सुंदर अक्षरात, आणि त्यात माझं नाव पहिलं लिहिलं. कन्यादान दीर-जाऊ करणार हेही तिनेच ठरवून टाकलं. कोणाला नाही म्हणायची वेळच तिने येऊ दिली नाही. लोक याला समजूतदारपणा म्हणतात. मला तो बघवत नाही. लेकीला वाढवणारी, भाऊजींच्या मागे कर्जाचे हप्ते फेडणारी, या लग्नाचा पैसा न् पैसा उभा करणारी बाई मांडवात खांबाआड उभी राहणार, आणि आपण सगळे ती किती समजूतदार आहे म्हणून तिचं कौतुक करणार.

मुलगा कोलकात्याचा, टांग्राचा. हाक्का चिनी. पणजोबांच्याही आधीपासून ही माणसं इथे आहेत. आजोबांची टॅनरी होती, कातडी कमवायचा कारखाना. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या टॅनऱ्यांना शहराबाहेर जायला सांगितलं, त्यानंतर मुलाच्या वडिलांनी त्याच शेडमध्ये रेस्टॉरंट टाकलं. मुलगा नोकरीसाठी मिहानमध्ये आला, भाची त्याला तिथे भेटली. आता तो “काय करून राहिले मावशी?” असं आमच्यासारखंच विचारतो. तरीही साक्षगंधाला पंगतीतून एक आवाज आलाच, “चायनाचा का जी?” त्याने ऐकलं आणि ताटातली जिलबी मोडत राहिला. त्याला सवय असणार. मला तेच लागलं.

नातवंडं आजीला आपो म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणतो. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी हॉटेल बघायला त्या आमच्याबरोबर आल्या होत्या. हॉटेलने नमुन्याला एक टेबल मांडून ठेवलं होतं. पांढरी ऑर्किडं, पांढरे गुलाब, पांढरं सॅटिन, काचेच्या उंच नळ्यांत मेणबत्त्या. खरंच देखणं होतं. आपोंनी एका पाकळीला हात लावला आणि सुनेशी त्यांच्या बोलीत हळू काहीतरी बोलल्या. सून अवघडली. चिनी घरात पांढरा रंग सुतकाचा. पांढरी-पिवळी शेवंती तर थेट अंत्ययात्रेची. मला तेव्हा बर्डीच्या फुलबाजारातले शेवंतीचे ढीग दिसायला लागले. आपल्याकडे शेवंतीवाचून हार होत नाही. मोगरा, निशिगंध, मुंडावळ्यांचे मोती, अंतरपाटाचं कापड, नवरदेवाचं सोवळं... किती पांढरं असतं आपल्या लग्नात, आणि त्या पांढऱ्याला आपण कधी बघतच नाही. आपल्याकडेही नवरी पांढरी साडी नेसत नाही, तेवढं मात्र आपोंना लगेच सांगून झालं.

हॉटेलच्या मुलाने मग “चायनीज थीम” काढली. स्टेजवर ड्रॅगन, बांबूची कमान, कागदी कंदील, वाढप्यांच्या डोक्यावर शंकूच्या आकाराच्या टोप्या. भाचीने शांतपणे सगळं बाजूला सारलं. “टोप्या अजिबात नको,” एवढंच म्हणाली. नवऱ्या मुलाचे कान लाल झाले होते. या बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. एखादी रीत घरातल्या कोणाला आपल्या हाताने करायची नसेल, तर ती हॉलमध्ये नकोच. भाड्याने आणलेला ड्रॅगन रात्री टेम्पोत चढेल आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला जाईल. त्याच्याशी ना आपोंचं नातं, ना आमचं. कंदील मात्र राहिले, लाल आणि थोडे, कारण ते मुलाची आई टांग्राहून स्वतः आणणार आहे. तिच्या स्वतःच्या लग्नातले दोन त्यात आहेत.

फुलांचा प्रश्न संत्र्यांनी सोडवला, आणि याचा मला फार आनंद आहे. आपोंना बसायला दिलं तेव्हा ताईने टोपलीतून संत्री पुढे केली. त्या एकदम खुलल्या. चिनी लोकांत संत्री शुभ. सोन्याच्या रंगाची म्हणून लग्नात, नव्या वर्षात ती जोडीने देतात, एक कधी देत नाहीत. आपोंनी टोपलीतून देठाला पान असलेली दोन संत्री निवडली आणि ताईच्या ओंजळीत ठेवली. लग्न फेब्रुवारीत आहे, मृगबहाराच्या ऐन हंगामात. काटोलच्या एका ओळखीच्या बागवाल्याला सांगून ठेवलं आहे, देठ-पानांसकट तोडून देशील तरच घेऊ. टेबलांवर आता ऑर्किडं नाहीत. पितळी परातींत संत्री, मधून झेंडूच्या पाकळ्या, आणि प्रत्येक संत्र्यावर लाल कागदात कातरलेलं ते जोडआनंदाचं चिनी अक्षर. कातरायचं काम मुलाच्या बहिणीने घेतलं आहे. नागपुरातल्या लग्नात आजवर कोणी संत्र्यांना हा मान दिला नसेल. आपण ती आल्या-गेल्याला पिशवीत घालून देतो आणि विसरतो. साल सोलताच जो वास हवेत उडतो, त्याने तो थंड, परफ्यूम मारलेला हॉल आपल्या घरचा होईल, अशी माझी खात्री आहे.

अंतरपाटाचं मात्र मला टेन्शन होतं. तो बदलायचा नाही असं ताईच्या सासूबाईंनी आधीच बजावलेलं. मी तो पेटीतून काढून आपोंना दाखवला. भाऊजींच्या लग्नात धरलेला, घडीवर पिवळा पडलेला, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. आपो त्या स्वस्तिकाकडे बघत राहिल्या. त्यांच्या बौद्ध देवळातल्या मूर्तीच्या छातीवर हेच चिन्ह असतं, फक्त उलट्या बाजूला वळलेलं. “ये अच्छा,” म्हणाल्या, आणि कुंकू पुन्हा गडद करायला सांगितलं. भरपूर, लांबून दिसेल असं.

आपोंच्या खुर्च्यांच्या हिशेबाचा उलगडा मला नंतर झाला, संध्याकाळी फुटाळ्यावर. तलावाचं पाणी वाऱ्याने हलत होतं, कणसं भाजल्याचा धूर येत होता. भाची आणि मुलगा पुढे गेले होते. मी आपोंना नुसतं विचारलं, तुमच्या लग्नात कोण कोण बसलं होतं चहाला? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. त्यांचं माहेर आसाममधल्या माकुमचं. त्या शाळेसाठी कोलकात्याला मावशीकडे होत्या म्हणून वाचल्या. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि नोव्हेंबरात माकुममधल्या चिनी घरांवर पोलीस आले. आईवडील आणि दोन भाऊ राजस्थानात देवळीच्या छावणीत गेले. सुमारे ३००० माणसं होती तिथे, बहुतेकांचा जन्म इथलाच. पुढच्या वर्षी मद्रासहून चिनी जहाजांतून कितीतरी जणांना चीनला पाठवलं, त्यात आपोंचं सगळं घर गेलं. त्या एकट्या इकडे राहिल्या. काही वर्षांनी टांग्रात लग्न झालं तेव्हा सासरची माणसं ओळीने बसली. माहेरच्या बाजूला दोन खुर्च्या मांडल्या होत्या, रिकाम्या. त्यांनी त्या रिकाम्या खुर्च्यांपुढेही गुडघे टेकले आणि चहा ठेवला. “ठंडा हो गया, फिर मावशी उठाया,” एवढंच त्या बोलल्या. पुढे आयुष्यात आईवडिलांची भेट झाली नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही. लहानपणी ऐकलेली एक गोष्ट डोक्यात फिरत होती. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले होते. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे सगळ्यांना ठाऊक, पण आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आमचे आजोबा अभिमानाने सांगायचे. कोटणिसांनी तिकडेच १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. अवघे ३२ वर्षांचे. आजोबांकडून ऐकताना आम्हाला ते फक्त शौर्य वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, सोलापूरच्या घरातलं कोणी त्या लग्नाला जाऊ शकलं नसणार. सुनेने नमस्काराला वाकायचं तर कोणापुढे? अशा युद्धांनी किती लग्नांतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या असतील. आणि इथे आमच्या घरात माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, समोर उभं आहे, आणि म्हणतं आहे, माझी नको.

सकाळी मी ताईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकताना लाटणं थांबलं नाही, फक्त पोळी नको तितकी पातळ होत गेली. “पण लोक?” ती म्हणाली. मी म्हटलं, “आपो पहिल्या खुर्चीवर बसणार आहेत. त्यांचे यजमान जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्याशेजारी तुझ्या सासूबाई. त्याही तशाच. मग तू. लोक तिघींना उठवणार आहेत का?” ती काही बोलली नाही. दुपारी मात्र मी महालात गेले. सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत होत्या. पुतण्याच्या लग्नातही त्या आतल्या खोलीत बसून राहिल्या होत्या, हे मला आठवत होतं. चहाचं समजावून सांगितलं तेव्हा आधी म्हणाल्या, “दुधाबिगर चहा? तो काढा झाला.” मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, “मले बसवून राहिले का पहिल्या खुर्चीवर? चारचौघात?” आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. मग मीच विचारलं, ताईचं काय? त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तिची पोरगी आहे. तिले नाही बसवणार त कोणाले बसवणार?” आणि लगेच, “तिले सांग, मी म्हटलं म्हणून.” एवढी वर्षं ताई ज्या एका शब्दासाठी अडून होती, तो असा सुपारीच्या खांडांबरोबर ताटलीत पडला. ताईला फोन केला तर ती पलीकडे रडत होती आणि मध्येच विचारत होती, मग मी नेसू काय?

लाल नेसणार आहे. लेकीचीच हौस ती. भाचीचा चहाच्या वेळचा चिनी झगा भंडाऱ्याच्या टसर करवतकाठीतून शिवायला टाकलाय, गळा उभा, काठाचे करवतीचे दाते बाहीवर. त्याच विणकराकडून आईसाठी तशीच साडी, थोड्या गडद रंगात. ताईने चार वर्षांत लाल अंगाला लावलेला नाही. घडी उघडून तिने काठावर हात फिरवला आणि पुन्हा तशीच ठेवली. मी घाई केली नाही.

बाकी ठरवाठरवी चालू आहे. दोन्ही पंचांगं जुळवताना दमछाक झाली. आमचं दाते, त्यांचं लाल कव्हरचं. फेब्रुवारीत एकच दिवस दोघांना पटला, आणि तो गुरुवार निघाला म्हणून हॉटेलने दर जरा उतरवला. होमासाठी छोटं कुंड आणि धुराचे सेन्सर तेवढा वेळ बंद ठेवायची लेखी परवानगी. गुडघ्यांखाली लाल उशा. चहात खजुरासारखी सुकी लाल बोरं आणि कमळबिया घालून तो गोड करतात, तेव्हा सासूबाईंचाही प्रश्न मिटला. दुपारी पाटोडी-रस्सा, वडा-भात, कढी, संत्रा बर्फी. संध्याकाळी मुलाचे वडील हॉटेलच्या किचनमध्ये स्वतः उभे राहून आख्खा मासा करणार आणि शेवटी दीर्घायुष्याच्या लांब नूडल्स. त्या तोडायच्या नाहीत, असं त्यांनी मला गंभीरपणे समजावलं. हॉटेलने सुरुवातीला चहाच्या विधीला दहा मिनिटं दिली होती, वेलकम ड्रिंकच्या वेळात घालून. मी ते पान खोडून पाऊण तास लिहून घेतला आहे, आणि त्या वेळात फोटोग्राफर सोडून हॉटेलचं कोणी आत येणार नाही हेही.

एक गोष्ट अडली आहे. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे नवरीचे केस विंचरतात. नवा कंगवा, नवे कपडे, प्रत्येक वेळी मुळापासून टोकापर्यंत आणि प्रत्येक वेळी एक आशीर्वाद. पहिला शेवटपर्यंत साथीचा, दुसरा दोघांचे केस पांढरे होईपर्यंत संसाराचा, तिसरा मुलानातवंडांनी भरलेल्या घराचा. आपोंना ते फार मनापासून हवं आहे, भाचीलाही. पण विंचरणारी बाई नवरा आणि मुलंबाळं असलेली, सर्व बाजूंनी भरलेली लागते. म्हणजे तिथेही तेच. मुलाच्या आईने फोनवर संकोचत विचारलं, “मावशी, आप करेंगे ना?” सुवासिनींच्या यादीत ताईने माझं नाव पहिलं लिहिलं होतं, इथेही पहिलं माझंच आलं. शाळेत असल्यापासून भाचीच्या दोन वेण्या ताईने घातल्या आहेत. तिच्या केसांचा गुंता कुठे होतो, ओढलं की कुठे दुखतं, हे ताईच्या बोटांना माहीत आहे. मला नाही. आपोंचा मान मोठा आहे आणि त्यांनी काय सोसलं आहे ते मी ऐकलं आहे, म्हणूनच हे त्यांना फोनवर सांगायचं नाही. पुढच्या आठवड्यात गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला जाते आहे, आमंत्रण द्यायला. त्यांच्या समोर बसेन, त्यांच्या हातचा चहा घेईन आणि सांगेन की कंगवा मी धरणार नाही, ताई धरेल.